कपाटातील ग्रंथालय आणि मुलांचे ग्रंथालय



शाळाभेटीस गेल्यावर मी "ग्रंथालय कोठे आहे?" असे विचारतो, तेव्हा बहुतेक ठिकाणी मला एक कपाट दाखविले जाते. मुख्याध्यापकांच्या खुर्चीमागे पोलादी कपाट, त्याच्या माथ्यावर क्रीडास्पर्धेत मिळालेल्या ढाली, आणि किल्ली टेबलाच्या खणात. कपाट उघडले की पुस्तके दाखल क्रमांकाप्रमाणे ओळीने उभी असतात. कित्येकांची पाने अद्याप एकमेकांस चिकटलेली असतात. गुरुजी समाधानाने म्हणतात, "साहेब, एकही पुस्तक इकडचे तिकडे झालेले नाही."

हे वाक्य ऐकून पूर्वी मलाही समाधान वाटत असे. आज ते वाटत नाही. त्याचे कारण सांगावयाचे तर एक जुनी गोष्ट सांगितली पाहिजे. तीत चूक माझी आहे.

विस्तार अधिकारी म्हणून माझी नेमणूक नुकतीच झाली होती. जानेवारी महिन्यात एका छोट्या गावच्या शाळेची तपासणी मी केली. त्या गावातील निम्म्याहून अधिक कुटुंबे दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी कारखान्यांकडे जात. शाळेत एक बाई होत्या. त्यांनी वर्गाच्या मागच्या भिंतीशी पुस्तके उघड्यावर मांडली होती, आणि मुले ती घरी नेत होती. मी जडवस्तू संग्रह नोंदवही काढली, पुस्तके मोजली, आणि ११ पुस्तके कमी भरली. बाईंनी देवघेवीची वही पुढे केली व सांगितले की, ही पुस्तके तोडीला गेलेल्या मुलांबरोबर गेली आहेत, पाडव्यानंतर परत येतील. मी ती वही उघडूनही पाहिली नाही. शेरेबुकात लिहिले : "ग्रंथालयातील ११ पुस्तके गहाळ. जबाबदारी निश्चित करून वसुली करावी." बाईंनी पुढील महिन्यात ती रक्कम स्वतःच्या वेतनातून भरली. रक्कम मोठी नव्हती, परंतु प्रश्न रकमेचा नव्हता.

पाडवा झाला, माणसे परतली. ११ पैकी ६ पुस्तके आली. पाऊस सुरू होता होता आणखी दोन आली. एकाच्या मुखपृष्ठावर चुलीच्या धुराचा थर होता, एकाची पाने उसाच्या रसाने चिकट झाली होती. तीन पुस्तके आलीच नाहीत. हे सारे मला दुसऱ्या वर्षी कळले, जेव्हा मी त्याच शाळेत पुन्हा गेलो आणि मागची भिंत मोकळी दिसली. पुस्तके कपाटात होती, मोजणीस पूर्ण भरली. त्या वर्षीची देवघेवीची वही मागितली, तर तीत एकही नोंद नव्हती. आदल्या वर्षीच्या वहीत मात्र ११०० हून अधिक नोंदी होत्या, मुलांच्याच वेड्यावाकड्या अक्षरांत. बाई काही बोलल्या नाहीत. त्यांनी बोलावे असे माझ्या शेऱ्याने काही शिल्लकच ठेवले नव्हते.

तेव्हापासून माझे मत असे झाले आहे की, आपल्या शाळांतील ग्रंथालये मुलांस परकी वाटतात ह्याचे पहिले कारण पुस्तकांचा तुटवडा हे नव्हे. पुस्तके पूर्वीइतकी दुर्मीळ राहिलेली नाहीत. १९८७ साली सुरू झालेल्या खडू-फळा मोहिमेपासून प्राथमिक शाळांत पुस्तके येऊ लागली. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या २००९ च्या अधिनियमाच्या अनुसूचीने तर प्रत्येक शाळेत वृत्तपत्रे, नियतकालिके व गोष्टींच्या पुस्तकांसह ग्रंथालय असणे हे शाळेचे मानकच ठरविले. पहिले कारण भीती हे आहे. पुस्तक हरवेल ही भीती, कार्यभार सोपविताना अडचण येईल ही भीती, आणि तपासणीस आलेला माझ्यासारखा अधिकारी काय लिहील ही भीती. शिक्षकाच्या मनातील ही भीती मुलांपर्यंत पोहोचण्यास वेळ लागत नाही. पुस्तक हाती देताना "फाडू नकोस हं" हे ज्याचे पहिले शब्द असतात, त्याच्याकडून मूल पुस्तक उत्साहाने घेणार कसे?

ह्या भीतीसंबंधी एक वस्तुस्थिती आपणांस ठाऊक असावी. केंद्र शासनाच्या २०१७ च्या सर्वसाधारण वित्तीय नियमांत ग्रंथालयांच्या पडताळणीविषयी २१५ क्रमांकाचा नियम आहे. त्यानुसार वर्षभरात वाचकांस दिलेल्या किंवा त्यांनी हाताळलेल्या दर १००० पुस्तकांमागे ५ पुस्तकांची हानी ही वाजवी मानता येते. अट एवढीच की, तीस अप्रामाणिकपणा अथवा निष्काळजीपणा कारण झालेला नसावा. एक हजार रुपयांहून अधिक किमतीच्या किंवा दुर्मीळ पुस्तकाची मात्र चौकशी होते. हा नियम केंद्रीय कार्यालयांसाठी आहे. आपल्याकडे पुस्तकाचे निर्लेखन जिल्हा परिषदेच्या लेखासंहितेप्रमाणे व सक्षम अधिकाऱ्याच्या मंजुरीनेच व्हावयाचे, हे विसरून चालणार नाही. तथापि त्या नियमामागील विचार लक्षात घेण्याजोगा आहे. त्यात प्रमाण धरले आहे ते कपाटातील पुस्तकांचे नव्हे, वाचकांच्या हाती गेलेल्या पुस्तकांचे. साठ मुलांच्या शाळेत प्रत्येक मुलाने आठवड्यास एक पुस्तक नेले, आणि असे तीस आठवडे चालले, तर १८०० वेळा पुस्तक बाहेर जाते. त्या हिशेबाने ९ पुस्तकांची हानी वाजवी ठरते. कुलूपबंद कपाटास अशी सवलत शून्य! आणि ज्या शाळेत मी तो शेरा लिहिला, तेथे ११०० देवघेवींमागे अखेर तीनच पुस्तके गेली होती.

म्हणून देवघेवीची वही हा तुमचा बचाव आहे असे समजा आणि ती नीट ठेवा. चार रकाने पुरेत : पुस्तकाचे नाव, नेणाऱ्याचे नाव, नेल्याचा दिनांक, परत आल्याचा दिनांक. तिसरी-चौथीची मुले ती स्वतः भरू शकतात. पहिली-दुसरीच्या मुलांसाठी प्रत्येक मुलाची एक खूण ठरवावी, कोणाचा मोर, कोणाची विहीर, कोणाचा बैल. मूल आपली खूण काढते आणि नोंद पुरी होते. पुस्तक हरवले वा फाटले तर त्याच दिवशी शेवटच्या पानावर कारणासह लिहावे व महिन्याअखेरीस मुख्याध्यापकांची स्वाक्षरी घ्यावी. "तोडीच्या गावी कोपी जळाली, त्यात पुस्तक गेले" हेही कारणच आहे. ते लिहिण्यास संकोच नको.

मध्ययुगीन युरोपात ग्रंथ इतके मोलाचे होते की ते साखळीने फळीस जखडून ठेवीत. वाचकाने तेथेच उभे राहून वाचावे. हस्तलिखित पोथीच्या काळी ते समजण्यासारखे होते. पुढे छपाई आली, साखळी गेली, पण ग्रंथपालाच्या मनातील साखळी जाण्यास फार काळ लागला. डॉ. शि. रा. रंगनाथन हे मूळचे गणिताचे अध्यापक. १९२४ साली ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि १९३१ साली त्यांनी ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. त्यांतील पहिलाच नियम असा की, ग्रंथ हे उपयोगासाठी आहेत. वाचताना वाटते, ह्यात काय सांगितले? परंतु आपल्या कपाटाकडे पाहिले म्हणजे हे सांगण्याची गरज का पडली ते उमगते. त्यांचा दुसरा नियम प्रत्येक वाचकास त्याचा ग्रंथ मिळावा असा आहे, आणि तिसरा, प्रत्येक ग्रंथास त्याचा वाचक मिळावा असा. पुढील विवेचन बहुतांशी ह्या दोहोंविषयीच आहे.

प्रथम जागेविषयी. ग्रंथालयासाठी स्वतंत्र खोली मिळेल ह्या आशेवर थांबू नये. वर्गाचा एक कोपरा किंवा व्हरांड्याचा सावलीचा भाग पुरतो. दोन खिळ्यांस सुतळी ताणून बांधावी आणि पातळ सचित्र पुस्तके मधल्या पानावर उघडून तिच्यावर अडकवावीत, वाळत घातलेल्या कपड्यांप्रमाणे. जाड पुस्तकांसाठी विटांवर फळी. सुतळी व फळी मुलाच्या छातीएवढ्या उंचीवर असावी. आपल्या सोयीची उंची मुलाच्या सोयीची नसते. पुस्तकाची पाठ नव्हे, मुखपृष्ठ दिसले पाहिजे, कारण ज्यास वाचता येत नाही तोही चित्र पाहून पुस्तक निवडतो. खाली एक सतरंजी. एवढ्याने कोपरा तयार होतो. पावसाळ्यात भिंतीस ओल येते, तेव्हा फळी भिंतीपासून वीतभर पुढे घ्यावी आणि उघडीप मिळेल तेव्हा पुस्तकांस वारा दाखवावा. वाळवीचे गाव असेल तर विटांखालची जमीन आठवड्यातून एकदा पाहावी. कसर लागू नये म्हणून पुस्तकांच्या मागे वेखंडाचे तुकडे वा कडुनिंबाचा वाळलेला पाला ठेवण्याची आपली जुनी रीत चांगली आहे.

कोपरा सजविण्याच्या नादास फार लागू नये असे मला वाटते. थर्मोकोलची अक्षरे आणि रंगीत झालरी लावून झाल्यावर "हात लावू नका" अशी पाटी लावलेले एक ग्रंथालय मी पाहिले आहे. तसेच १५ ऑक्टोबरचे. डॉ. अब्दुल कलाम ह्यांचा हा जन्मदिवस २०१५ पासून आपण वाचन प्रेरणा दिन म्हणून पाळतो. त्या दिवशी पुस्तके बाहेर येतात, मुले ओळीने बसून ती हाती धरतात, छायाचित्र घेतले जाते, आणि सायंकाळी पुस्तके पुन्हा कपाटात जातात. छायाचित्र पाठवू नये असे मी म्हणत नाही. तशी सूचना आमचेच कार्यालय देते. दुसऱ्या दिवशी पुस्तके बाहेरच राहिली, तर त्या दिनाचे सार्थक झाले असे म्हणेन.

आता मुलांकडे वळू. ग्रंथालयात हुशार मुलांची ये-जा आपोआप होते. ज्यांचे वाचन कच्चे आहे त्यांस आपण म्हणतो, "आधी नीट वाचता येऊ दे, मग पुस्तक मिळेल." पोहता आल्याशिवाय पाण्यात उतरू नकोस असे विहिरीवर कोणी पोरास सांगत नाही, वर्गात मात्र आपण हे रोज सांगतो. वाचन कच्चे असलेल्या मुलासच पुस्तकाची अधिक गरज असते, आणि त्यास पुस्तकाशी जोडण्याचा सर्वांत सोपा उपाय म्हणजे शिक्षकाने स्वतः वाचून दाखविणे.

पोषण आहारानंतरची पंधरा मिनिटे ह्यास उत्तम. मुले अर्धवर्तुळात बसावीत, पुस्तक मुलांकडे तोंड करून धरावे, आणि वाचता वाचता शब्दांखालून बोट फिरवावे. वाचण्यापूर्वी ते पुस्तक आपण एकदा घरी वाचलेले असावे. न वाचलेली गोष्ट मोठ्याने वाचू लागल्यावर आपला आवाज कोठे चढावा हे आपणांसच कळत नाही. मध्येच थांबून "पुढे काय होईल?" एवढे विचारावे. त्यापलीकडे प्रश्न नकोत, तात्पर्य तर नकोच. वाचून झालेले पुस्तक त्याच सुतळीवर अडकवावे. दुसऱ्या दिवशी ते कोण उचलतो ते पाहावे. माझा अनुभव असा की, वाचता न येणारे मूलही ते उचलते, आणि ऐकलेली गोष्ट चित्रांच्या आधाराने स्वतःस सांगत बसते. हे खोटे वाचन नव्हे, वाचनाचा आरंभ आहे.

तांड्यावरील मुले घरी गोरमाटी बोलतात. पहिलीच्या वर्गात त्यांस पुस्तकातील मराठी अर्धी कळते, अर्धी कळत नाही. अशा वेळी चौथीच्या एखाद्या मुलीस जवळ बसवावे आणि तिने तीच गोष्ट गोरमाटीतून सांगावी. ह्याने मराठी मागे पडेल अशी शंका काही शिक्षक घेतात. मला ती निराधार वाटते. अर्थ कळलेल्या गोष्टीतील मराठी शब्द मूल उचलते, न कळलेल्या गोष्टीतील शब्द कानावरून जातात.

आणि एक विनंती. पुस्तक परत करताना सारांश लिहून आणण्याची अट घालू नका. मी स्वतः शिक्षक असताना ती घालत असे. त्यामुळे मुले सर्वांत पातळ पुस्तक शोधीत, आणि सारांश एकमेकांच्या वहीतून उतरवीत. वाचनावर बसविलेला हा कर आहे. त्याऐवजी परिपाठाच्या वेळी ज्यास इच्छा असेल त्याने आपल्या पुस्तकाविषयी दोन वाक्ये सांगावीत. "हे पुस्तक मला आवडले नाही" असे कोणी म्हणाले तर त्यास दाद द्यावी. आवडनिवड सांगू लागलेला मुलगा वाचक झाला असे समजावे. गुजरातेतील थोर बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेका ह्यांच्या 'दिवास्वप्न' ह्या पुस्तकातील शिक्षक, मुलांनी पाठ्यपुस्तकांसाठी आणलेल्या पैशांतून गोष्टींची पुस्तके घेऊन वर्गाचे ग्रंथालय उभारतो. आपण तितके धाडस करू शकणार नाही, आणि पाठ्यपुस्तके मोफत मिळत असल्याने त्याची गरजही नाही. पण पुस्तके वर्गाची आहेत, मुख्याध्यापकांची नाहीत, ही त्यातील जाणीव घेण्यास कोणती हरकत?

पुस्तकांच्या निवडीबाबत थोडेसे. देणगी म्हणून आलेली पुस्तके सरसकट मांडू नयेत. मोठ्यांची प्रवचने, स्पर्धापरीक्षांचे जुने मार्गदर्शक, कोणाच्या गौरवाचे ग्रंथ ह्यांनी फळी भरते आणि मूल निराश होऊन परत जाते. अशी पुस्तके शिक्षकांच्या कपाटात खुशाल कुलुपात ठेवावीत! मुलांसाठी चित्रे मोठी, अक्षर ठळक आणि पानावर चार-पाच ओळी अशी पुस्तके सर्वांत अधिक हवीत. बालभारतीचे 'किशोर' मासिक १९७१ पासून निघत आहे. त्याचे जुने अंक शाळेत पडून असतील तर ते शोधून काढा, कारण गोष्टी शिळ्या होत नाहीत. 'किशोर'चे जुने अंक संगणकावर विनामूल्यही वाचावयास मिळतात. प्रथम बुक्स ह्या संस्थेने २०१५ साली सुरू केलेल्या 'स्टोरीवीव्हर'वरही मराठी सचित्र गोष्टी मोफत आहेत, आणि त्या छापून घेण्यास मुभा आहे. दहा गोष्टी छापून दोऱ्याने शिवल्या तर दहा पुस्तके वाढतात. मुलांनी स्वतः लिहून व चित्रे काढून शिवलेले पुस्तकही त्याच सुतळीवर मांडावे व त्यास दाखल क्रमांक द्यावा.

फाटलेल्या पुस्तकांसाठी एक खोका ठेवावा. त्यास मुले 'दवाखाना' म्हणोत. शनिवारी चार मुलांनी कणकेची खळ व जुन्या वह्यांचा पातळ कागद घेऊन बसावे. बांधणीवाले खळीत मोरचूद घालतात, पण ते विषारी आहे. शाळेत ते आणू नये, खळ थोडी करावी व ताजीच वापरावी. ज्या मुलाने पुस्तक फाडले त्यासच डॉक्टर करावे. त्याच्याकडून दंड घेऊ नये.

शेवटी सुट्टीचा आणि तोडीचा प्रश्न. मुलांस वेळ असतो मे महिन्यात, आणि नेमके तेव्हा शाळेस कुलूप असते. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड ह्यांनी १९१० साली विल्यम बॉर्डन ह्या अमेरिकन ग्रंथपालास बोलावून संस्थानात ग्रंथालयांची व्यवस्था उभी केली. त्यात पुस्तकांच्या लाकडी पेट्या खेडोपाडी पाठविल्या जात. आपणांस पेटी करणे कठीण नाही. पोषण आहाराच्या तेलाचा रिकामा खोका चालेल. वस्तीवर राहणाऱ्या सहावी-सातवीच्या मुलीकडे किंवा एखाद्या घरच्या ओट्यावर पंचवीस पुस्तकांचा खोका व एक वही द्यावी. सातारा जिल्ह्यातील भिलार ह्या गावी ४ मे २०१७ रोजी 'पुस्तकांचे गाव' सुरू झाले, तेव्हापासून तेथे लोकांच्या घरांतच पुस्तके ठेवलेली आहेत व आलेला माणूस बसून वाचू शकतो. मग पुस्तके शाळेबाहेर सुरक्षित राहत नाहीत असे आपण का मानावे?

तोडीला जाणाऱ्या मुलांस दिवाळीपूर्वी प्रत्येकी दोन पुस्तके द्यावीत, एक त्याच्या इयत्तेचे, एक त्याच्या धाकट्या भावंडास वाचून दाखविता येईल असे. सोबत प्लॅस्टिकची पिशवी द्यावी, कारण कोपीत पाऊस व धूर दोन्ही असतात. वहीत "तोड" असा शेरा मारून परतीचा दिनांक पाडव्यानंतरचा लिहावा. गावात हंगामी वसतिगृह असेल तर मागे राहिलेल्या मुलांसाठी एक खोका तेथे संध्याकाळी पोहोचला पाहिजे. आईबापांविना जाणाऱ्या त्या रात्री फार लांब असतात.

येत्या तपासणीत मी जडवस्तू संग्रह नोंदवहीच्या आधी देवघेवीची वही मागणार आहे. तीत "तोड" असा शेरा असलेली पुस्तके मी गहाळ म्हणून धरणार नाही. ज्यांची कारणे शेवटच्या पानावर लिहिलेली असतील, त्यांच्या निर्लेखनाचा प्रस्ताव केंद्रप्रमुखांमार्फत माझ्याकडे एप्रिलअखेर पाठवावा. सक्षम अधिकाऱ्याकडे तो पुढे नेण्याचे काम माझे. प्रस्तावाचा नमुना ह्या पुस्तिकेच्या अखेरीस दिला आहे.